तीस भोपळे

सोमवार, ४ ऑगस्ट

प्रिय खारू,

अनेक आशीर्वाद, आणि फोन उचलत नाहीस म्हणून पाठीत एक धपाटा. तुझा फोन वाजून वाजून बंद होतो, म्हणजे तू नंबर बदललेला नाहीस, एवढं कळतं. पत्र मात्र न उघडता ठेवणं तुला जमायचं नाही. लहानपणी तू दुसऱ्यांची पत्रंसुद्धा वाफेवर धरून उघडायचीस, असं तुझा दादाच सांगायचा.

इकडे सगळं ठीक. आई बऱ्या आहेत. दोन्ही डोळ्यांतला मोतीबिंदू पिकलाय. डॉक्टरबाई म्हणतात, आता लांबवू नका. आई म्हणतात, बघू. परवा दाराशी टांगलेल्या माझ्या ओल्या रेनकोटाला त्यांनी "या, बसा" म्हटलं, आणि कोट बसेना तेव्हा माझ्यावर चिडल्या.

स्टुडिओ चालू आहे. दिवसभर पासपोर्टचे फोटो. मान सरळ, दोन्ही कान दिसले पाहिजेत, हसायचं नाही. एक आजोबा म्हणाले, "कान दिसतायत, पण त्यांनी ऐकू येत नाही, चालेल ना?" मी म्हटलं, फोटोला चालतं.

आता खरी बातमी. मी धबधब्याचे फोटो काढायला लागले आहे. दादा गेल्याला वर्ष उलटून गेलं, त्याची कॅमेऱ्याची बॅग कोपऱ्यात तशीच होती. तू पहिल्या पगारातून त्याला घेऊन दिलेली कॅमेरा ठेवायची तिपाईही. डॉक्टरबाईंच्या नव्या दवाखान्यातल्या भिंतीसाठी धबधब्याचा मोठा फोटो द्यायचं त्याने कबूल केलं होतं. बाईंनी त्यानंतर एकदाही आठवण काढली नाही. पण भिंत रिकामीच आहे, आणि आईंना घेऊन गेले की मला नेमकं तिच्यासमोर बसावं लागतं. शेवटी एका रविवारी पहिल्या बसने गेलेच.

घाबरू नकोस. तो ज्या सपाट दगडावरून घसरला तो पलीकडच्या काठावर आहे, तुझ्या गावाच्या बाजूला. तिकडे मी जात नाही. मी अलीकडे, कठड्याच्या आत उभी राहते.

पहिल्या दिवशीचे फोटो तू पाहायला हवे होतेस. पाण्याच्या जागी नुसतं पांढरं. दूध उतू गेल्यासारखं, त्यात एक धार दिसेल तर शपथ. आजूबाजूचे खडक काळे. कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे, म्हणून तो आपला उजेड वाढवत बसतो आणि पाणी जळून जातं. म्हणजे त्याचं ऐकायचं नाही, आपण हाताने उजेड कमी करायचा. खडक थोडे काळे राहिले तर राहू देत, पाणी वाचलं पाहिजे. एवढं कळायला मला दोन रविवार लागले. आणि चौकटीचं तर विचारूच नकोस. सवयीने मी धबधबा बरोबर मधोमध घेतला, सरळ, समोरून. त्याचे दोन्ही कान दिसत होते.

दादा सांगायचा तेव्हा मी हूं हूं करत मटार सोलत बसायची. आता त्याचं एकेक वाक्य आठवतंय. पाणी एका बाजूला घे. त्याला पडायला आणि वाहत जायला जागा ठेव. कोरं आभाळ कापून टाक. आणि पाणी मोठं दाखवायचं असेल तर त्याच्याशेजारी काहीतरी छोटं उभं कर.

आता दर रविवारी जाणार आहे. आईंना सांगितलेलं नाही. मोठं गिऱ्हाईक आहे असं सांगून निघते. हे फक्त तुला लिहिलंय.

त्या दिवशी आई तुला जे बोलल्या त्याबद्दल मी काही लिहिणार नाही. तू जेवत जा. शाळेत शिट्टी वाजवून पोरांना पळवतेस तेवढं स्वतः पळू नकोस.

तुझी,
वहिनी


सोमवार, २५ ऑगस्ट

प्रिय खारू,

पत्र परत आलं नाही, म्हणजे पोचलं. उत्तर आलं नाही, म्हणजे तू आहेस तशीच आहेस. आशीर्वाद मात्र नेहमीचेच.

माझी प्रगती ऐक. बॅगेत काळी काच सापडली, भिंगापुढे लावायची. ती लावली की उजेड इतका अडतो की शटर तीस सेकंद उघडं ठेवता येतं. मग पाण्याचे थेंब दिसत नाहीत, त्याचा वाहण्याचा रस्ता दिसतो. डावीकडून येणारा प्रवाह चौकटीत वळवून आत आणला, पुढे एक गोल दगड घेतला, धबधबा उजव्या बाजूला सारला. मलाच खरं वाटेना.

तीस सेकंद मी घड्याळात बघत नाही. तुम्हा दोघा भावंडांच्या पद्धतीने मोजते. एक भोपळा, दोन भोपळे, तीन भोपळे. लपाछपीत तुम्ही असं मोजायचात आणि एक भोपळा म्हणजे बरोबर एक सेकंद होतो, हे तो किती गंभीरपणे सांगायचा. शेजारी उभ्या असलेल्या एका जोडप्याने मला भोपळे मोजताना ऐकलं आणि ते हळूच दुसरीकडे गेले.

मोजताना मान खाली ठेवावी लागते. कॅमेऱ्याच्या मागच्या, डोळा लावायच्या छिद्रातून उजेड शिरू नये म्हणून तिथे तळहात धरायचा असतो. चष्मा तुषारांनी भरतो म्हणून तो खिशात. चष्म्याशिवाय मला पलीकडचा काठ म्हणजे नुसता काळा पट्टा. हे सगळं तुला एवढ्यासाठी सांगतेय की तिथे उभं असताना मला काहीच दिसलं नव्हतं.

स्टुडिओत येऊन फोटो मोठा केला तेव्हा दिसलं.

पलीकडच्या सपाट दगडावर कुणीतरी उभं आहे. फिकट, पिवळसर. आरपार. अंगातून मागचा खडक दिसतो. चेहरा नाही, चेहऱ्याच्या जागी थोडं धुरकट.

खारू, मी अडाणी नाही. या धंद्यात बारा वर्षं झाली. शटर एवढा वेळ उघडं असलं की चालतं फिरतं माणूस फोटोत उमटतच नाही, पुसून जातं. स्थिर उभं राहिलं तर पुरतं उमटतं. आणि थोडा वेळ उभं राहून निघून गेलं तर असं अर्धमुर्धं. कुणीतरी येऊन उभं राहिलं असेल आणि गेलं असेल. तो दगड काही कुणाच्या मालकीचा नाही. मी हे स्वतःला सांगितलं, फोटो छापला, टेबलावर वाळत ठेवला आणि गिऱ्हाईक आलं म्हणून पुढे गेले.

परत आले तर आई खिडकीशी, फोटो डोळ्यांना चिकटवून. त्यांना घड्याळातले काटे दिसत नाहीत, पण हा दिसला. मला म्हणाल्या, "कोट घालून गेला होता, नाही का गं?"

पिवळा रेनकोट घालूनच गेला होता तो. तुला आठवतं ना, तो प्रवाहाच्या खालच्या वळणावर सापडला तेव्हा कुणीच आईंना त्याचा चेहरा पाहू दिला नाही. त्यांच्या भल्यासाठी. आणि इकडे दगडावर तिपाई उभी, तिच्यावर कॅमेरा, कॅमेऱ्यात शेवटचा फोटो. त्यात पाणी होतं, काठ होता, माणूस नव्हतं. आईंच्या हाती काहीच लागलं नाही. आता हा फोटो लागला. तो त्यांनी उशीपाशी ठेवलाय. सकाळी त्याच्याशी बोलतात. काय बोलतात ते मी ऐकलंय, पण ते लिहीत नाही.

मी कुठे गेले होते, एकटी का गेले, यावरून एका शब्दाने रागावल्या नाहीत. फक्त विचारलं, "पुढच्या रविवारी जाशील ना?" आणि जेवल्या. किती दिवसांनी नीट जेवल्या.

तब्येतीला जप. तुला लवकर खोकला होतो.

तुझी,
वहिनी


मंगळवार, १६ सप्टेंबर

प्रिय खारू,

आशीर्वाद. हे पत्र लिहू की नको, असं करत दोनदा कागद फाडला. पण सांगायला दुसरं आहे कोण?

तो रोज येत नाही, रविवारी येतो. मी जाते तेव्हा. दर वेळी त्याच दगडावर, पिवळा, आरपार. आणि आता पहिल्याइतका फिकट राहिलेला नाही. पहिल्या फोटोत मागच्या खडकातली भेग त्याच्या अंगातून स्पष्ट दिसत होती. पुढच्यात अंधुक झाली. परवाच्या फोटोत ती भेग शोधावी लागते. आईंना फोटो दिला तर त्यांनी बोटाने चाचपला आणि म्हणाल्या, "भरत चाललाय. येतोय तो."

आपण हसलो असतो यावर, एके काळी. तू, मी आणि तो, जेवताना. तू तर अंगात आल्याचं सोंग करून दाखवलं असतंस.

मला हसू येत नाही. शनिवारपासूनच काही सुचत नाही. गेल्या शनिवारी एका बाईंच्या पासपोर्टच्या फोटोत मी कान विसरले, त्यांना परत बोलवावं लागलं. रविवारी पहाटे उठून केस विंचरते. कुणासाठी गं? पन्नास हात लांब असलेल्या, चेहरा नसलेल्या माणसासाठी. भोपळे मोजताना मधेच त्याच्याशी भांडते. एवढा उजेड मोजता यायचा, मग पायाखालचं शेवाळ कसं दिसलं नाही, असं विचारते. पंधरा भोपळे, सोळा भोपळे, आणि मला सोडून जाताना काही वाटलं नाही का, सतरा भोपळे.

चौकट तर मी पार सोडली. इतकी मेहनत घेऊन धबधबा उजवीकडे नेला होता, आता तो फोटोतून जवळजवळ बाहेर गेलाय आणि तो दगड बरोबर मधोमध. परत पासपोर्ट. डॉक्टरबाईंना फोटो दाखवला तर त्या नम्रपणे म्हणाल्या, "छान आहे. पण यात पाणी कुठे आहे?"

बाई रागावल्याही आहेत. आईंची तारीख ठरली होती. आदल्या दिवशी आई म्हणाल्या, मला नाही करायचं. मी समजावलं, ओरडले, शेजारच्या काकूंना बोलावून आणलं. तर शांतपणे म्हणाल्या, "डोळे चांगले झाले आणि तो दिसेनासा झाला, मग?"

डॉक्टरबाई म्हणतात, आणखी थांबलात तर डोळा कायमचा जाईल. आईंना ते कळतं. त्यांनी विचार करूनच ठरवलंय.

मी त्यांना बोलू शकले नाही, कारण मीही तेच करतेय. काळी काच काढायची, शटर क्षणभर उघडायचं, की दगडावर जे कुणी असेल ते स्वच्छ उमटेल. नाक, डोळे, सगळं. शाळेतल्या पोरालाही सुचेल एवढं सोपं आहे. चष्मा पुसून वर बघणं तर त्याहून सोपं. पाच रविवार झाले, मी केलेलं नाही. तिथे एखादा मासे धरणारा निघाला तर मी घरी काय घेऊन येऊ?

सगळ्यांत वाईट म्हणजे मला ते फोटो आवडतात. तो कधी जागचा हलायचा नाही ना. झाडासारखा उभा राहायचा, उजेडाची वाट बघत. तसाच उभा आहे.

तू असतीस तर तो मासे धरणारा तूच केव्हाच पकडून आणला असतास. एका जागी उभं राहणं तुझ्या कुंडलीत नाही. आपल्या घरातल्या प्रत्येक फोटोत सगळे नीट बसलेले आणि कडेला एक पुसलेला फराटा, तो म्हणजे तू. म्हणून तर तुला त्याने खारू म्हटलं.

लिहिलंस तर बरं वाटेल. एक ओळ.

तुझी,
वहिनी


सोमवार, २९ सप्टेंबर

खारू,

आशीर्वाद वगैरे शेवटी. आधी ऐक.

मागच्या रविवारच्या फोटोत तो दगडाच्या मधे नव्हता. पुढे सरकला होता, पाण्याच्या बाजूला, जिथे दगड उतरता होतो आणि शेवाळाने हिरवा असतो. फोटोकडे बघून मी मोठ्याने म्हटलं, मागे हो. आणि मग मी त्या दोन शब्दांचाच विचार करत बसले. गेलेल्या माणसाने काठाच्या पुढे पाऊल टाकलं तर त्याचं काय बिघडणार आहे? पाय घसरायची भीती जिवंत माणसासाठी वाटते. म्हणजे माझ्या मनाला कधीचं माहीत होतं की तिथे कुणीतरी जिवंत उभं आहे.

काल मी काळी काच काढून खिशात घातली. शटरचा वेग वाढवला. बाकी सगळं नेहमीसारखं केलं. मान खाली, तळहात छिद्रावर, तोंडाने भोपळे. फक्त दर भोपळ्याला शटरच्या वायरीचं बटण दाबत गेले. वर पाहिलं नाही. का कोण जाणे, वाटलं की वर पाहिलं तर ते पळून जाईल.

स्टुडिओत दार लावून घेतलं आणि एकेक फोटो उघडला.

पहिल्या फोटोत दगड रिकामा. तिसऱ्यात झाडामागून एक पिवळा कोट येतोय. पाचव्यात तो दगडावर आहे. सहाव्यापासून तो हलत नाही. सातवा, दहावा, पंधरावा, विसावा, तसाच. मी मोठा केला.

गळ्यात शिट्टी अडकवलेली. रविवारची सुद्धा.

तुम्ही दोघांनी एकाच दुकानातून दोन सारखे कोट घेतले होतेत, हे मी साफ विसरले होते. तुझ्या कोटाच्या बाह्या लांब आहेत, बोटं आत जातात. केस पांढरे झालेत कानापाशी. इतक्या लवकर? आणि तोंड उघडं आहे, ओठ गोल. पुढच्या फोटोत मिटलेले. त्याच्या पुढच्यात परत गोल. तू काय म्हणत होतीस ते कळायला मला वेळ लागला नाही. पाण्याच्या त्या बाजूला तूही भोपळे मोजत होतीस. सव्विसाव्याला वळलीस, मी मान वर करायच्या आत झाडामागे जायला.

बाहेर गिऱ्हाईक दार वाजवून गेलं. मी आधी रडले आणि मग मला भयंकर राग आला. मी दर रविवारी जाते हे मी फक्त तुला लिहिलं होतं. तू मला बघायला आलीस, मी दिसले, आणि हाक मारली नाहीस. मग मी लिहिलं की आई त्या फोटोशी बोलतात, जेवायला लागल्या. तेव्हापासून तू जास्त वेळ उभी राहायला लागलीस. तो भरत चालला नव्हता, खारू. तू थांबत होतीस. आईंना तो दिसावा म्हणून थांबत होतीस, होय ना? ज्या पोरीला शाळेत 'स्थिर उभे' शिकवताना स्वतःला उभं राहवत नाही, ती शेवाळावर उभी. आणि पुढे का सरकलीस? त्यांना नीट दिसावं म्हणून? की आणखी कशासाठी? याचं उत्तर मला कागदावर नको, समोर हवं.

आईंना सांगायचं की नाही, याचा मी फार विचार केला नाही. केला असता तर सांगितलं नसतं.

सर्वांत स्वच्छ निघालेला फोटो मोठा छापला आणि त्यांच्या हातात दिला. त्यांनी नेहमीसारखा खिडकीशी नेला. म्हणाल्या, "आज लख्ख आहे." मी म्हटलं, आई, तो नाही. म्हणाल्या, "मग कोण?" मी म्हटलं, गळ्यात शिट्टी आहे.

त्या बराच वेळ फोटोवरून बोट फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "ती कुठली एवढा वेळ उभी राहायला."

"उभी होती. दर रविवारी."

"तिथे शेवाळ आहे ना?"

"आहे."

"आणि डोक्यावरची टोपी काढलेली आहे का गं तिने?"

मी म्हटलं, हो, काढलीय. तर एकदम चिडल्या. "छातीत कफ होतो तिच्या. अक्कल म्हणून नाही." आणि फोटो मांडीवर पालथा घालून बसल्या. मला वाटलं, संपलं. आता मुलगा दुसऱ्यांदा गेला आणि तो मी नेला.

आता जे लिहायचं टाळलं होतं ते लिहिते. आई रोज सकाळी त्या फोटोला काय सांगायच्या ते. रोज एकच असायचं. "तुझ्या बहिणीला मी नको ते बोलले. तिपाई तिने दिली म्हणून तू गेलास, असं बोलले. तोंड दाखवू नकोस म्हणाले. तू आता कुठेही जाऊ शकतोस, तर एकदा तिच्याकडे जा आणि सांग, आईची जीभ तेव्हा ठिकाणावर नव्हती." मी दाराआडून ऐकायची. तुला लिहिलं नाही, कारण मला वाटायचं, हे आईंनी स्वतः म्हणायला हवं, मी चोरून ऐकलेलं पोचवायला नको.

आणि सगळा वेळ त्या ते तुलाच सांगत होत्या. तुझ्याच फोटोला. चेहरा तेवढा नव्हता.

संध्याकाळी जेवताना त्यांनी विचारलं, "मी बोलत होते ते तिला पोचलं?"

"नाही. मी लिहिलं नव्हतं."

"मग लिही."

"काय लिहू?"

घास तसाच हातात धरून त्या म्हणाल्या, "लिही की आई म्हणते, तोंड दाखव." हात धुताना पाठमोऱ्या उभ्या राहून विचारलं, "आधी कुठल्या डोळ्याचं करतात गं?"

शुक्रवारची तारीख मिळाली आहे. आधी उजवा. रविवारी सकाळी डोळ्यावर पट्टी नसेल, काळा चष्मा असेल. डॉक्टरबाईंनी बसने न्यायला मनाई केलीय, आणि त्यांना भिंतीसाठी पाणी असलेला फोटो हवाच आहे, म्हणून स्वतःच त्यांच्या गाडीतून सोडते म्हणाल्या. आई खाली उतरणार नाहीत, वरच्या बाकावर बसतील.

तू पलीकडच्या काठाला जाणार नाहीस. त्या दगडावर परत पाय ठेवलास तर मी ही तिपाई पाण्यात टाकीन, तुझ्या पहिल्या पगाराची असली तरी. पुलावरून अलीकडे ये. कठड्याच्या आत एक बसकी शिळा आहे, कोरडी आहे, मी तिच्यावर उड्या मारून पाहिल्या आहेत. तिपाई कुठे लावायची तेही ठरलंय. धबधबा उजवीकडे, प्रवाह डावीकडून आत, आभाळ कापलेलं. डावीकडची जागा मी रिकामी ठेवली आहे. पाणी मोठं दाखवायचं तर शेजारी छोटं काहीतरी लागतं.

टोपी घाल. शिट्टी राहू दे, आईंना त्यावरून ओळखता येईल. आल्यावर काही बोलू नकोस, सुचायचंही नाही. नुसती शिळेवर उभी राहा, तोंड आमच्याकडे करून. मी काळी काच लावणार आहे. मान वर ठेवून मोजणार आहे, चष्मा घालून, भिजला तर भिजला. या वेळी सव्विसाव्याला जायचं नाही. तीस भोपळे पुरे होईपर्यंत हलू नकोस, खारू. मग आशीर्वाद देईन, आणि तो धपाटाही.

मोजायला उभी असलेली
तुझी वहिनी